मिरजेतला बॅटमॅन: एका व्हिडिओ गेमची उलटतपासणी

आजचा विषय जाहीर झाल्यावर आपल्या एका नेहमीच्या श्रोत्यांनी मला गाठून विचारलं, "अहो, व्हिडिओ गेम हा इतिहास कधीपासून झाला?" प्रश्न रास्त आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं, की या गेमवरून माझं आणि माझ्या मामेभावाचं सत्तावीस वर्षं भांडण चाललं होतं. दोन साक्षीदार, एक घटना आणि कागद एकही नाही. मग याला दुसरं काय म्हणणार? (हशा)

घटना सांगतो. साल १९९६, उन्हाळ्याची सुट्टी, मिरज. मामा मुंबईला गेला होता, येताना मनीष मार्केटमधून टीव्हीचा गेम घेऊन आला. तुमच्यापैकी चाळिशीतल्या मंडळींना आणखी काही सांगायला नको. पांढरं-लाल खोकं, दोन रिमोट, एक पिस्तूल आणि पिवळी कॅसेट. खरा शब्द कार्ट्रिज, पण आपण कॅसेटच म्हणायचो. दूरदर्शनच्या अँटेनाची वायर काढायची, याची लावायची आणि मुंग्यांमधून चित्र येईपर्यंत चॅनल फिरवत बसायचं. चित्र नाही आलं तर कॅसेट काढून फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नसे, कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे संपर्क नीट जुळायचा. पण हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं.

त्यातल्या एका कॅसेटमध्ये बॅटमॅन होता. जांभळा बॅटमॅन. भिंतीवर उडी मारायची, आणि भिंतीला चिकटल्या क्षणी पुन्हा बटण दाबून समोरच्या भिंतीवर झेपावायचं. ही उडी जमायला मला आठवडा लागला. शिवाय स्टार्ट दाबलं की बाकी सगळे गेम थांबायचे, यात मात्र हातातलं हत्यार बदलायचं. गेम थांबायचा सिलेक्टने. चहा घ्यायला उठलो की बॅटमॅन मेलाच. गेम सेव्ह करायची सोय नव्हती, त्यामुळे वीज गेली की पहिल्यापासून.

मी कधी तिसऱ्या टप्प्यापुढे गेलो नाही. दादा मात्र म्हणायचा, "मी संपवलाय. मे महिन्यात, तू गावाला गेलास तेव्हा. शेवटी जोकर येतो आणि बॅटमॅन त्याला उचलून खाली फेकतो." पुढे कधीतरी केबलवर मी बॅटमॅनचा सिनेमा पाहिला. त्यात जोकर हेलिकॉप्टरच्या शिडीला लटकून पळत असतो, बॅटमॅन त्याच्या पायाला दोर अडकवून तो दगडी पुतळ्याला बांधतो, आणि त्या ओझ्याने जोकर खाली कोसळतो. फेकतबिकत कोणी नाही. मी निष्कर्ष काढला: दादाने सिनेमा अर्धवट ऐकला आणि थाप मारली. लग्नकार्यात, दिवाळीत, मी त्याला हे ऐकवत आलो.

आता जरा मागे जाऊ. महानायकांचे व्हिडिओ गेम सुरू होतात १९७९ मध्ये, अटारीच्या 'सुपरमॅन'पासून. तो जॉन डन यांनी एकट्याने लिहिला. वॉर्नर कम्युनिकेशन्सने १९७६ मध्ये अटारी विकत घेतली होती, सुपरमॅनची मालकी असलेली डीसी कॉमिक्सही त्यांचीच, आणि १९७८ च्या अखेरीस सुपरमॅनचा सिनेमाही त्यांनीच आणला. एकाच घरातला माल तीन दुकानांत. खोक्यावर मात्र गेम लिहिणाऱ्याचं नाव घालायची अटारीची पद्धत नव्हती. याच वैतागातून, आणि अर्थात पैशाच्या वादातून, त्यांचे चार प्रोग्रॅमर बाहेर पडले आणि १९७९ मध्येच त्यांनी अॅक्टिव्हिजन काढली. नाव गाळलं जाण्याची ही परंपरा खुद्द बॅटमॅनलाही चुकलेली नाही. बॅटमॅन पहिल्यांदा आला १९३९ मध्ये. तो घडवण्यात बिल फिंगर यांचा मोठा वाटा होता, पण बॉब केन यांच्या शेजारी त्यांचं नाव अधिकृतपणे लागायला २०१५ साल उजाडलं. तोवर त्यांना जाऊन चाळीस वर्षं उलटून गेली होती.

आमच्या कॅसेटवर तर कोणाचंच नाव नव्हतं. वर बॅटमॅनचं चित्रही नव्हतं, कुठल्याशा कराटेवाल्याचं होतं. अशा चोरीच्या कॅसेटांमध्ये कंपनीची, हक्कांची ओळ बऱ्याचदा खरवडून काढलेली असायची. त्यामुळे हा गेम कोणी केला, हे मला पस्तिशी ओलांडल्यावर कळलं. तो जपानच्या सनसॉफ्ट या कंपनीने केला, आयची प्रांतातल्या. टिम बर्टनचा सिनेमा जून १९८९ मध्ये आला, आणि त्यावरचा हा गेम त्याच वर्षी डिसेंबरात जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी निघाला. १९९० च्या सुरुवातीला तो अमेरिकेत गेला. संगीत नाओकी कोदाका यांचं. जांभळ्या रंगाचंही कारण आहे. त्या यंत्रात हलणाऱ्या चित्राच्या एका तुकड्याला जेमतेम तीन रंग मिळतात. रात्रीच्या काळ्या पडद्यावर काळाच नायक ठेवला तर दिसणार काय? म्हणून अंगावर जांभळा उजेड.

हे सगळं वाचून झाल्यावर, तीन वर्षांपूर्वी, मी तो गेम लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये लावला. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. पहिल्या दहा सेकंदांतच मला वाटलं, हा तो गेम नाही. गाणं पळत होतं. बॅटमॅन घाईत होता. उडी माझ्या अंगठ्याच्या आधी होत होती.

आपण इतिहासवाले अशा वेळी काय करतो? साक्षीदाराला खोटं ठरवतो. लहानपणी सगळंच सावकाश वाटतं, असं म्हणून मीही गप्प बसलो असतो. पण आमच्याकडे एक पुरावा निघाला. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, आणि मामाने त्या १९९६ च्याच सुट्टीत टेपवर घेतल्या होत्या. दादाने ती टेप जपून ठेवली आहे. तीत आजीच्या आवाजामागे, बाजूच्या खोलीतून, पहिल्या टप्प्याचं ते गाणं स्पष्ट ऐकू येतं. मध्येच मामाचं "अरे, आवाज कमी करा!" हेही. आणि ते गाणं सावकाश आहे.

तुम्ही म्हणाल, टेप मंद फिरत असेल. मलाही तेच वाटलं. पण टेप मंद फिरली तर लय पडते तसे सूरही उतरतात. इथे सूर जवळपास जागच्या जागी, फक्त लय संथ. एम्युलेटरवर जो तुकडा पन्नास सेकंदांत संपतो, तो टेपवर साठ सेकंद घेतो.

गुपित टीव्हीत होतं. जपान-अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढायचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही पन्नास वेळा. गेमची सगळी हालचाल आणि संगीताची लय या चित्रांच्या ठोक्यावर चालते. म्हणजे एक षष्ठांश वेग कमी. युरोपातल्या निन्टेन्डोच्या अधिकृत यंत्रातही ठोके पन्नासच होते, पण तिथे प्रोसेसरचं घड्याळही मंद, त्यामुळे तिकडे हीच कॅसेट लावली तर सूरही उतरतील. तैवानच्या यूएमसी कंपनीने पाल टीव्हीसाठी या यंत्राच्या ज्या नकली चिप बनवल्या, त्यांत घड्याळ जवळजवळ जपानी वेगाचंच ठेवलं आणि फक्त चित्रं पन्नास केली, म्हणजे जपानी कॅसेटा बिनबोभाट चालाव्यात. लय संथ, सूर जवळपास शाबूत. अशी आवृत्ती ना जपानमध्ये विकली गेली, ना अमेरिकेत, ना युरोपात अधिकृतपणे. ती आमच्या खोक्यात होती, आणि तुमच्याही.

हे मी कौतुकाने सांगत नाही, कारण ती चोरीच होती. कोदाकांना आमच्या मिरजेतून एक पैसा मिळालेला नाही. पण संग्रह करायला बसलं की अधिकृत प्रत हीच मूळ प्रत असं आपण धरून चालतो, आणि एका अख्ख्या पिढीने प्रत्यक्षात जे पाहिलं-ऐकलं ते त्यात नसतं. २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या पाहणीत दिसलं, की अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. ही अधिकृत मालाची स्थिती. आपल्या पिवळ्या कॅसेटा तर दिवाळीच्या साफसफाईत किलोवर गेल्या.

आता भांडणाकडे येतो. मी चिकाटीने, वेग पन्नासवर आणून, तो गेम संपवला. रासायनिक कारखाना, भुयार, सगळं पार करत शेवटी कॅथीड्रलच्या माथ्यावर. तिथे जोकर भेटला. त्याला हरवल्यावर पडद्यावर चित्रकथा सुरू झाली. त्यात हेलिकॉप्टर नाही, दोर नाही, दगडी पुतळाही नाही. बॅटमॅन त्याला धरतो आणि खाली फेकतो.

ज्या तपशिलावरून मी दादाला थापाड्या म्हणत होतो, तोच त्याचा पुरावा निघाला. त्याने सिनेमावरून रचलं असतं, तर सिनेमातलंच सांगितलं असतं. मुख्य प्रतीशी न जुळणारी गोष्ट सांगणारा साक्षीदार दुसऱ्या प्रतीपर्यंत खरोखर पोचलेला असू शकतो. हस्तलिखितांच्या पाठभेदांबद्दल हेच मी वर्गात वीस वर्षं शिकवतो आहे, घरी मात्र ते कधी लागू केलं नाही.

त्या रात्री साडेबाराला दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, फेकतो रे. उचलून फेकतो." पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "आणि खाली पडलेला दाखवतात. ते विसरलास सांगायला."

बरं, प्रश्नोत्तरांना अजून वीस मिनिटं आहेत. त्याआधी एक विनंती. कोणाच्या माळ्यावर तसं खोकं किंवा कॅसेट असेल, तर आतला हिरवा बोर्ड उघडून दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा. चालत नसलं तरी चालेल.