मागून येणारे विमान : विमानतळानजीकच्या हवाई टकरींविषयी एक टिपण

विमानांच्या हवेतील टकरींचा विचार करू लागताच दाट धुके अथवा काळोख यांचे चित्र मनासमोर उभे राहते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. अशा कित्येक टकरी निरभ्र आकाशात, भर दिवसा आणि विमानतळाच्या समीप झालेल्या आढळतात. कारण उघड आहे : इतरत्र विखुरलेले विमानांचे मार्ग धावपट्टीपाशी एकत्र येतात.

दोन विमानांची पहिली ज्ञात टक्कर ऑक्टोबर १९१० मध्ये मिलान येथील हवाई मेळाव्यात झाली. फ्रेंच वैमानिक रने तोमा यांचे विमान ब्रिटिश कॅप्टन बर्ट्रम डिक्सन यांच्या विमानावर मागून आदळले. दोघेही वाचले, परंतु डिक्सन यांना इतकी गंभीर इजा झाली की त्यांना पुन्हा कधीही उड्डाण करता आले नाही.

पुढे १९१९ च्या पॅरिस करारात हवाई वाहतुकीचे नियम ग्रथित झाले. त्यांत मागून येणाऱ्या विमानाने उजवीकडे वळून पुढच्या विमानास टाळावे, असे बंधन घातले गेले. हा नियम न्याय्यच होता. कारण पुढच्यास पाठीमागचे दिसत नाही. मात्र मागच्यास पुढचे दिसतेच, हे त्यात गृहीत धरलेले होते.

हे गृहीतक किती नाजूक आहे, ते २५ सप्टेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे दिसून आले. लिंडबर्ग विमानतळाकडे उतरणारे बोइंग ७२७ जातीचे प्रवासी विमान पुढे चाललेल्या लहान सेसना विमानावर मागून व वरून आदळले आणि १४४ माणसे प्राणास मुकली. आकाश स्वच्छ होते. नियंत्रण कक्षही जागृत होता. सेसना दिसत असल्याचे बोइंगच्या वैमानिकांनी कळविले होते. ते पुढे दिसेनासे झाले, हे मात्र नियंत्रकास स्पष्टपणे कळविले गेले नाही.

कॅलिफोर्नियातीलच वॉटसनव्हिल येथील विमानतळास नियंत्रण मनोरा नाही. तेथे वैमानिक आपापली स्थिती रेडिओवरून परस्परांस सांगतात. १८ ऑगस्ट २०२२ रोजी दोन्ही विमानांनी तसे सांगितलेही होते. तरीही वेगाने उतरू पाहणारे दोन इंजिनांचे सेसना ३४० पुढच्या लहान सेसना १५२ ला धडकले व तीन जणांचा अंत झाला.

येथे दोष केवळ बेसावधपणाचा मानणे पुरेसे नाही. विमानाचे नाक व पंख दृष्टीआड बराच प्रदेश ठेवतात. शिवाय टकरीच्या मार्गावरील वस्तू काचेवर एकाच जागी स्थिर भासते. ती सरकत नसल्यामुळे नजर तिच्यावर ठरत नाही आणि ती मोठी दिसू लागते तेव्हा अवधी उरलेला नसतो.

म्हणून १९१९ चा नियम कर्तव्य कोणाचे ते सांगतो; ते पार पाडण्याचे सामर्थ्य तो देऊ शकत नाही. ते सामर्थ्य मर्यादित वेग, ठरलेली प्रदक्षिणा, स्थितिदर्शक यंत्रे आणि 'आता दिसत नाही' असे वेळीच सांगण्याची शिस्त यांतूनच यावयाचे असते.