फौजदार वेलणकर आणि सहाचा खेळ

छत्री घ्या. १९८३चा पावसाळा आहे आणि तुम्ही नाशिकरोड स्टेशनाबाहेर टांग्यांच्या रांगेपाशी उभे आहात. ओल्या गवताचा, घोड्याच्या लिदीचा आणि शेजारच्या कढईतल्या कांदाभज्यांचा वास एकदमच नाकात शिरतोय. टांगेवाला बोलावतोय, पण बसू नका. बिटको चौक काही लांब नाही, चालतच चला.

बाजूला व्हा, सायकली येतायत! प्रेसची पाळी सुटली आहे. दिवसभर सरकारच्या नोटा आणि तिकिटं छापणारी ही माणसं फाटकावर झडती देऊन बाहेर पडली आहेत. डबे हँडलला लटकलेत, घंट्या वाजतायत, रेनकोटांवरून पाणी निथळतंय. यातले बरेच जण घरी न जाता तुमच्याच वाटेने वळतायत. थिएटर कुठलं ते तुम्हीच ठरवा. मी रेजिमेंटल धरतो.

तिकिटाच्या खिडकीला जाळी आहे आणि जाळीत एकच भोक. त्यात एका वेळी तीन हात घुसलेत. तुमचाही घाला, सुटे पैसे मुठीत घट्ट धरून. मागून रेटा येतोय, कुणाची तरी कोपरं बरगडीत बसतायत, पुढच्याच्या शर्टाला घामाचा आणि शाईचा वास आहे. हात बाहेर ओढाल तेव्हा मनगट खरचटलेलं असेल, पण बोटांत गुलाबी कागदाचा चुरगळलेला तुकडा असेल. ‘अर्धसत्य’, लोअर स्टॉल.

रांगेतला एक जण पोस्टरकडे बघून विचारतो, “हिरो कोण रे?”

“हाच. ओम पुरी.”

“हा?”

त्याचं काही चुकलेलं नाही. देवीचे व्रण असलेला चेहरा, जाड ओठ, थकलेले डोळे. असा माणूस आपल्या पोलीस चौकीत दिसतो, पोस्टरवर नाही.

आत या. पंखे आवाजच जास्त करतात, वारा कमी. लाकडी खुर्चीत ढेकूण आहेत, तेव्हा पाय वर घेऊन बसा. शेजारी दाण्यांची पुडी फुटते आणि टरफलं तुमच्या चपलेत पडतात. धूम्रपानाला मनाई असल्याची स्लाइड दाखवतात ती बिड्यांच्या धुरातूनच. पुढच्या रांगेत खाकी पँटवर साधे शर्ट घातलेले चौघे बसलेत, बहुतेक जेलरोडच्या सेंट्रल जेलचे शिपाई. त्यांच्याकडे लक्ष असू द्या.

सुरुवातीला सगळं नेहमीसारखंच होतं. फौजदार अनंत वेलणकर गुंडांना धरून आणतो आणि पिटातून शिट्ट्या पडतात. ‘जंजीर’पासून हे पब्लिक इन्स्पेक्टरच्या हाताकडे डोळे लावून बसायला शिकलेलं आहे. पण मग एक फोन येतो आणि धरून आणलेली माणसं सुटतात. पुन्हा धरतो, पुन्हा फोन येतो. मेहनत याची, शाबासकी दुसऱ्याला. आता शिट्ट्या थांबतात. शिफ्ट करून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. साहेबाच्या एका फोनने काय होतं ते तो रोज बघतो. “आयला,” तुमच्या मागे कुणीतरी म्हणतो, एवढंच.

आणि तो रामा शेट्टी! व्हिलन म्हटला की आपल्याला पांढरे बूट, लाल दिवे आणि गडगडाटी हसू लागतं. हा आवाजच चढवत नाही. समोर वर्दीतला माणूस उभा आहे आणि हा निवांत. नाव सदाशिव अमरापूरकर, माणूस शेजारच्या नगरचा, मराठी रंगभूमीवरून आलेला. थिएटरातले लोक त्याला आज पहिल्यांदा बघतायत आणि त्यांना तो आवडत नाही, म्हणजे त्याचं काम झालं.

मग लॉकअपचा तो प्रसंग. दारू प्यालेला वेलणकर, समोर रेडिओ चोरल्याच्या संशयावरून आणलेला एक फाटका इसम, आणि वरिष्ठांपुढे गिळलेला सगळा राग त्या इसमाच्या अंगावर. मारतो, मारत राहतो, आणि तो माणूस मरतो. हाच हात मघाशी गुंडांवर पडला तेव्हा शिट्ट्या वाजल्या होत्या. आता बघा पुढच्या रांगेकडे. चौघांपैकी एकाने मान खाली घातली आहे. दाण्यांचा आवाजही येत नाही.

इथेच दिग्दर्शक गोविंद निहलानींनी हिंदी सिनेमातला पोलीस बदलून टाकला, असं मी मानतो. त्यांनी वेलणकरला नुसता चांगलाही ठेवला नाही आणि नुसता बिघडवलाही नाही. बापाच्या हातचा मार खाणारी आई बघत वाढलेलं पोर, शिकायचं होतं पण बापाच्या हट्टापायी पोलिसात आलेलं. अमरीश पुरींचा तो पोलिसातूनच निवृत्त झालेला बाप आठवा. मार घरातून ठाण्यात कसा येतो ते दाखवायला निहलानींना भाषण लागत नाही. यामागची ताकद बरीचशी मराठी आहे: श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, आणि ज्योत्स्ना, म्हणजे स्मिता पाटील, वेलणकरच्या हाती ठेवते ती दिलीप चित्र्यांची कविता. आणि राज्यातले फौजदार घडतात ते तर इथेच, नाशकात. पडद्यावर कुणी म्हणो न म्हणो, वेलणकर तुम्हाला इथलाच वाटतो.

शेवटी लॉकअपमधल्या त्या मृत्यूतून सुटायला वेलणकर मदतीसाठी शेट्टीच्याच दारात जातो, शेट्टी त्याला नमवू बघतो, आणि वेलणकर त्याचा गळा दाबतो. तरीही टाळ्या पडत नाहीत. तो सरळ ठाण्यात जाऊन गुन्हा कबूल करतो आणि दिवे लागतात. लोक दाराकडे रेटत नाहीत, बाहेर पडायला वेळ लावतात. चहाच्या गाडीवर प्रेसचे दोघे हुज्जत घालतायत: त्याने मारायला नको होतं, मग काय करायला हवं होतं? ग्लास थंड होतो, पावसाची सर येते, हुज्जत चालूच राहते.

ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर हिंदीत पोलिसांवर ढिगाने सिनेमे आले. माझ्या लेखी एकही याच्या पुढे गेलेला नाही. पाहिला नसेल तर पाहा, आणि एकट्याने पाहू नका. शेजारी हुज्जत घालणारा कुणीतरी हवा.