मदरबोर्डवरील हीटसिंकचा रंग बदलताना

भंडारा शहर पितळनगरी म्हणून ओळखले जाते. ‘भाना’ म्हणजे पितळी ताट आणि त्यावरूनच शहराला हे नाव पडले, असे सांगितले जाते. धातूचे रूप पालटण्याची विद्या तेथे नवी नाही. पितळी पातेल्याला कल्हई करताना भांडे तापवून, नवसागराने स्वच्छ करून मगच त्यावर कथील फिरवतात. हौसेने संगणकाची जुळणी करणाऱ्यांना मदरबोर्डवरील हीटसिंकचा रंग बदलायचा असल्यास हीच शिस्त पाळावी लागते. फरक इतकाच की कथील उष्णतेला सहज वाट देते, रंग देत नाही.

अॅल्युमिनियमची उष्णतावाहकता साध्या रंगाच्या सुमारे हजारपट असते. तरीही रंगाच्या पातळ थराने हीटसिंक निकामी होत नाही. धातूतून हवेत जाताना उष्णतेला होणारा अडथळा त्या थराच्या अडथळ्याहून कितीतरी मोठा असतो. घात होतो तो जाड थरांनी पात्यांमधील फटी बुजल्यास किंवा चिपकडील बाजू रंगवल्यास.

काळा हीटसिंकच अधिक थंड राहतो, हा समज अर्धाच खरा आहे. चकचकीत अॅल्युमिनियम उष्णतेचे उत्सर्जन फारच कमी करते. रंगवलेला पृष्ठभाग मात्र ते पुष्कळ करतो. परंतु हे उत्सर्जन अवरक्त किरणांचे असल्याने डोळ्यांना दिसणारा रंग पांढरा, लाल की काळा, याने फारसा फरक पडत नाही. पंख्याचा झोत असेल तेथे तर उत्सर्जनाचा वाटाच अल्प असतो.

सर्वांत टिकाऊ मार्ग अॅनोडायझिंगचा. गंधकाम्लाच्या द्रावणात विजेच्या साह्याने अॅल्युमिनियमवर सच्छिद्र ऑक्साइडचा थर चढवतात, त्यात रंग मुरवतात आणि उकळत्या पाण्याने छिद्रे बंद करतात. हे काम कारखान्याचे. घरी आम्लाशी खेळू नये. तांब्याच्या हीटसिंकला ही रीत लागू पडत नाही, त्याला निकेलचा मुलामा देतात. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंश सेल्सिअसची असल्याने, आत द्रव असलेल्या हीट पाइपची जोडणी तिच्यात ठेवू नये.

घरच्या घरी स्प्रे रंग पुरतो. हीटसिंक मदरबोर्डवरून उतरवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, बारीक पॉलिश पेपरने घासावा आणि चिपकडील बाजूवर मास्किंग टेप चिकटवावी. अॅल्युमिनियमसाठीचा प्रायमर लावून उष्णतारोधक रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. परत बसवताना जुन्याच जाडीचा नवा थर्मल पॅड वापरावा. जाडी चुकली तर चिपशी संपर्क सुटतो, आणि मग रंगाला दोष दिला जातो.

मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. खोलीतील हवा जितकी तापते, साधारण तितकेच हीटसिंकचे तापमानही चढते. त्यामुळे रंगकामापूर्वीची आणि नंतरची नोंद एकाच प्रहरी, सारख्याच कामाच्या ताणाखाली घ्यावी. हीटसिंक काढल्यावर अनेक कंपन्यांची वॉरंटी संपुष्टात येऊ शकते. तिची कलमे स्क्रू फिरवण्यापूर्वी वाचलेली बरी.