युद्धकाळातील राज्यघटना : एका मराठी हस्तलिखिताचा खटला

भारत हा 'राज्यांचा संघ' आहे, असे राज्यघटनेचे पहिले कलम सांगते. शांततेच्या काळात केंद्र व राज्ये यांची अधिकारक्षेत्रे सातव्या परिशिष्टातील सूचींनी आखलेली असतात. युद्धात हे चित्र बदलते. कलम २५० प्रमाणे संसद राज्यसूचीतील विषयांवरही कायदे करू शकते, तर कलम ३५३ प्रमाणे केंद्र राज्यांना कारभाराबाबत निदेश देऊ शकते. या तरतुदींची पहिली कसोटी १९६२ साली लागली.

चिनी आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ रोजी आणीबाणी घोषित झाली. पाठोपाठ ३ नोव्हेंबरच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, भारत संरक्षण अध्यादेश व त्याखालील नियमांनुसार ज्यांचे हक्क हिरावले गेले असतील त्यांना कलम २१ व २२ साठी न्यायालयात दाद मागता येईनाशी झाली. लढाई महिनाभरात थांबली; आणीबाणी मात्र १० जानेवारी १९६८ पर्यंत टिकली.

१९५६ च्या पुनर्रचनेने निपाणी म्हैसूर राज्यात गेली होती. शेजारचे कागल पुढे महाराष्ट्रात राहिले. आणीबाणीत दोन्ही गावांना नियम एकच होते. ते केंद्राचे होते, पण स्थानबद्धतेच्या आदेशांवर सही बहुधा राज्य सरकारची वा जिल्हाधिकाऱ्याची असे. युद्धकाळात केंद्राची सत्ता वाढते, ती अशी राज्यांच्या हातून नागरिकापर्यंत पोहोचते.

प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांना महाराष्ट्र सरकारने याच नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध केले होते. तेथे त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानविषयक पुस्तक मराठीत लिहिले. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवण्यास सरकारने नकार दिला. पुस्तकात संरक्षणाला बाधक काही नाही, हे सरकारलाही मान्य होते. नियमांत दिलेल्या सवलतींपलीकडे स्थानबद्धाला काहीच हक्क नाही, एवढाच सरकारचा युक्तिवाद होता. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. ६ सप्टेंबर १९६५ रोजी, पाकिस्तानशी युद्ध चालू असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. लेखनास मनाई करणारा नियमच नाही. आणि जे नियमाबाहेर हिरावले गेले, त्याला राष्ट्रपतींच्या आदेशाचे संरक्षण नाही, असा निकालाचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी डॉ. राममनोहर लोहिया यांच्या स्थानबद्धतेचा आदेशही न्यायालयाने रद्द ठरवला.

हे संरक्षण मात्र आदेशाच्या शब्दांवर टेकलेले होते. २७ जून १९७५ च्या आदेशातून 'त्या कायद्याखाली' ही अट गेली आणि १९७६ च्या जबलपूर खटल्यात बहुमताने स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद झाले. ४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) कलम २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे ठरले; जबलपूरचा निकाल २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला.

आपण सीमाभागातील शिक्षक 'गाव कोणत्या राज्यात?' हा प्रश्न नेहमी ऐकतो. त्यासाठी कलम ३ आहे, कलम १३१ आहे. युद्ध दुसराच प्रश्न विचारते : राज्य कोणतेही असो, नागरिकाच्या हाती काय उरते? वर्गात हा प्रश्न पहिल्याइतकाच आवर्जून मांडला गेला पाहिजे.