याकोबीचा नियम व मिश्रकाचा आदान-संरोध

मोरिट्झ याकोबी यांचा १८४० च्या सुमाराचा नियम असा: उद्गमाचा व भाराचा रोध समान असता भारास कमाल शक्ती मिळते, मात्र तितकीच शक्ती उद्गमातही वाया जाते. म्हणूनच एडिसन यांनी १८८० च्या सुमारास जनित्राचा अंतर्गत रोध अल्प ठेवून तो मार्ग सोडिला. आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये कल्पिलेल्या सुपरहेटरोडाइन ग्राहकाच्या परंपरेत, विशेषतः डायोड-मिश्रकात, तोच नियम पुन्हा ग्राह्य ठरला. कारण आकाशकाकडून येणारा संदेश मुळातच क्षीण, तेथे काटकसरीपेक्षा प्राप्ती महत्त्वाची. नियमाची ग्राह्यता अशी प्रयोजनावर अवलंबून असते. परंतु मिश्रकाचा संरोध, म्हणजे इंपीडन्स, स्थानिक आंदोलकाच्या शक्तीनुसार बदलतो. यास्तव आंदोलक चालू असतानाच त्याचे मापन करून जुळणी साधणे अवश्य होय.