स्थैर्याचे शब्द : जयपूरची वेधशाळा आणि मराठी क्रियाविशेषण

सवाई जयसिंहाने मुहम्मदशाह बादशहाच्या नावे जी फारसी ज्योतिषसारणी सिद्ध करविली, तिच्या प्रस्तावनेत पितळी यंत्रांविषयीची त्याची तक्रार नोंदलेली आहे. धातूची यंत्रे आकाराने लहान. त्यांवर कलांचे विभाग पाडता येत नाहीत. त्यांचे आस झिजतात आणि डुलतात, मध्यबिंदू सरकतात, पातळी ढळते. म्हणून त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधली : प्रथम दिल्लीत, आणि तेथील वेध पडताळून पाहता यावेत यासाठी जयपूर, मथुरा, काशी व उज्जयिनी येथे. एखादी गोष्ट ठाम आहे असे म्हणण्यापूर्वी ती कशाकशामुळे डळमळते याची यादी करणारा हा राजा भाषेच्या अभ्यासकालाही काही शिकवून जातो.

ही प्रस्तावना इंग्रजीत आली ती १७९९ साली. विल्यम हंटर याने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये जयसिंहाच्या ज्योतिषकार्याचा वृत्तान्त दिला आणि त्यात तिचे भाषांतर केले. स्थैर्य, अचूकता, निश्चिती यांचे फारसी शब्द येथे एका निराळ्या व्यवस्थेत शिरले. इंग्रजीत या अर्थांची क्रियाविशेषणे विपुल आहेत : ‘फर्मली’, ‘स्टेडिली’, ‘सर्टन्ली’, ‘शुअरली’. त्यांची कुळे मात्र एक नाहीत. ‘स्टेडी’च्या मुळाशी ‘स्टेड’ म्हणजे जागा आहे. जो जागा सोडत नाही तो स्टेडी. आपल्या ‘ठाम’ शब्दातही संस्कृत ‘स्था’ धातूच उभा आहे. ‘शुअर’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ ‘काळजी नसलेला’, म्हणजे जवळजवळ आपला ‘निर्धास्त’. आणि ‘फास्ट’ची गंमत अशी, की आज वेगाचा वाचक झालेला हा शब्द मुळात घट्टपणाचा. सांगानेरी छापाच्या कापडाचा रंग ‘फास्ट’ आहे असे दुकानदार सांगतो तेव्हा तो नकळत हा जुना अर्थ जपत असतो. मराठी गिऱ्हाईक त्यालाच ‘पक्का रंग’ म्हणते.

या भिन्न कुळांच्या बहुतेक शब्दांना एकत्र बांधतो तो ‘ली’ हा प्रत्यय. त्याचे मूळ रूप जुन्या इंग्रजीत ‘देह’, ‘आकृती’ या अर्थाच्या शब्दाशी संबद्ध होते. प्रत्यय सोयीचा खरा. पण या सोयीत एक भेद झाकला जातो. यंत्र ‘फर्मली’ उभे आहे, या वाक्यात दृढता यंत्राची आहे. गणित ‘सर्टन्ली’ जुळेल, या वाक्यात निश्चिती गणिताची नाही, बोलणाऱ्याच्या मनाची आहे. शेपूट एकच, काम दोन.

मराठीने ही दोन कामे पुष्कळ काळ वेगवेगळ्या हातांकडे ठेवली होती. वस्तूची दृढता सांगताना ती विशेषणालाच कामाला लावते आणि ते वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे वळवते. खुंटा पक्का रोवला, खुंटी पक्की रोवली. येथे ‘पक्का’ रोवण्याची रीत सांगतो की खुंट्याची अवस्था, हा वैयाकरणांचा वाद होईल. बोलणाऱ्याला दोन्ही एकदमच अभिप्रेत असतात. माणसाच्या कृतीतील ठामपणा धातुसाधिताने येतो : ठासून, ठणकावून, निक्षून. आणि बोलणाऱ्याची खात्री? ती बहुधा एका अक्षरात मावते. ‘गणित जुळेलच.’ या ‘च’ला इंग्रजी–मराठी कोशात सुखाने बसायला जागा नाही, कारण तो एकटा उभा राहू शकत नाही. मराठीतील सर्वांत बळकट निश्चयवाचक असा परावलंबी असावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

फारसी–अरबीचा वाटा याहून वेगळा. अलबत, बेशक, जरूर, मुक्रर, कायम, मजबूत, खातरजमा हे शब्द दरबार आणि दप्तर या वाटांनी आले. शिवकाळात रघुनाथ पंडिताने ‘राजव्यवहारकोश’ रचून यावनी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. तरी ‘कायम’ कायम राहिला, ‘खातरजमा’ही राहिली. त्याचे कारण निव्वळ सवय नव्हे. ‘खातरजमा’ हे नुसते निश्चितीचे नाव नाही, ती मिळवण्याच्या क्रियेचेही नाव आहे. खातरजमा करावी लागते, कोणीतरी करावी लागते. दिल्लीचे वेध तपासण्यासाठी आणखी चार नगरांत यंत्रे उभारणे ही तर खातरजमाच होय.

एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि मोल्सवर्थ–कँडी यांचा इंग्रजी–मराठी कोश (१८४७) झाल्यावर भाषांतराचा ओघ वाढला, आणि इंग्रजीच्या ‘ली’समोर मराठीचा ‘पणे’ उभा करण्याची रीत रूढ होत गेली. ‘पणे’ परका नाही. ज्ञानेश्वरीत तो जागोजाग भेटतो. परका आहे तो त्याच्यावर पडलेला भार. ‘निश्चितपणे’, ‘ठामपणे’, ‘खंबीरपणे’ हे शब्द आता वाक्याच्या कोणत्याही कोपऱ्यात ठेवले जातात आणि वाक्य भारदस्त झाल्याचा आभास होतो. साक्षीदाराने आरोपीस निश्चितपणे ओळखले, असे लिहिले की प्रश्न उरतो : ही निश्चिती साक्षीदाराची, की लिहिणाऱ्याची? ‘तोच हा, अशी साक्षीदाराची खात्री होती’ असे लिहिले तर खात्रीला मालक मिळतो, आणि उलटतपासणीत तिला जाब विचारता येतो. कोणाच्या तरी स्वातंत्र्याचा निवाडा अशा वाक्यावर होतो, तेव्हा हा शैलीचा किरकोळ प्रश्न राहत नाही.

जयपूरच्या यंत्रांची मराठीतील सुजाण दखल शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त (१८९६) आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९०१–०२ मध्ये, लेफ्टनंट गॅरेट याच्या देखरेखीखाली वेधशाळेचा जीर्णोद्धार झाला. म्हणजे दगडचुनाही शेवटी डागडुजी मागतोच. त्या कामात साहाय्यक होते चंद्रधर शर्मा गुलेरी. पुढे १९१५ मध्ये ‘उसने कहा था’ ही कथा लिहून हिंदी साहित्यात अढळ झालेले गुलेरी त्या वेळी विशीतही नव्हते. गॅरेटसह त्यांनी या वेधशाळेवर इंग्रजी पुस्तकही लिहिले.

येथील थोरले सम्राटयंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याच्या चापावर दोन सेकंदांपर्यंतचे विभाग कोरलेले आहेत, आणि शंकूची सावली त्यावरून सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. डोळ्यांना दिसावे इतके हे चालणे स्पष्ट. सावलीची कड मात्र स्पष्ट नाही. सूर्य बिंदू नसून बिंब आहे, त्यामुळे इतक्या अंतरावर ती कड कित्येक बोटे रुंद, पुसट होते. दगड तसूभर हलत नाही, रेघा कोरीव आहेत, आणि तरीही सावली नेमकी कोठे संपली हे पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते. त्यासाठी तो चापाजवळ एखादी बारीक काडी किंवा दोरा धरतो, पुसट पट्ट्यात त्याची सावली कोठे मावळते ते पाहतो, आणि मग आकडा सांगतो.