खांदमळणी ते सदतीस अंश

‘मुक्या प्राण्यांवर दया करा’ हा सुविचार आपण शिक्षक फळ्यावर नेहमी लिहितो. पण दया करायची म्हणजे नेमके काय करायचे? नांदेड-लातूर भागात याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. कंधारचा लाल कंधारी आणि देवणी-उदगीरकडचा देवणी हे गोवंश याच मातीतले. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत त्यांचा बाजार भरतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी येथे खांदमळणी होते. जू घासून बैलाचा खांदा सोलवटतो. तो शेकून त्याला हळद आणि तूप चोळतात. विधी असला तरी त्यामागे जनावराला कोठे दुखते याचे निरीक्षण आहे. मात्र वर्षाचे इतर दिवस बैलाला कसे वागवायचे, हे मालकावरच अवलंबून राहिले.

येथे कायदा पुढे आला. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९० साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा झाला, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विधेयक मांडले, त्यातून चालना मिळून १९६० चा कायदा आला. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले: दिवसात नऊ तासांहून अधिक काम नको, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक नको, आणि तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये. १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले.

या नियमामागचे विज्ञान वर्गात सहज सांगता येते. बैलाच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ अंश असते. काम करताना स्नायूंत उष्णता तयार होते. हवाच ३७ अंशांवर गेली की ती उष्णता हवेत जाणे जवळजवळ थांबते. उरतो फक्त घाम आणि धाप यांतून होणाऱ्या बाष्पीभवनाचा मार्ग.

मार्च-एप्रिलमध्ये मुलांना दुपारी बारा वाजता सावलीतले तापमान नोंदवायला सांगावे. उन्हाळ्यात औत किती वाजता सोडतात, हे त्यांनी घरी विचारावे. पहाटे औत धरून ऊन चढताच सोडायचे, ही जाणत्या शेतकऱ्यांची जुनी रीत आहे. तिचा आणि नियमाचा मेळ मुलांनीच घालून पाहावा. एका बैलजोडीवर ज्याचे घर चालते, त्या बापाला मुलाच्या नजरेत गुन्हेगार ठरवणारी दया आपल्याला शिकवायची नाही. गोठ्यात बापाशेजारी बसून बैलाचा खांदा पाहणारे मूल आपल्याला घडवायचे आहे.